पुण्याचा पाय, मुलचेऱ्याची वाट

"गुरुजी, रौप्यमहोत्सवी अंकासाठी काहीतरी इतिहासाचं लिहा," असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मनात आधी मार्कंडा आलं, मग वैरागडचा किल्ला, मग अहेरीचा राजवाडा. या तिन्हींवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा बरं लिहिणारे आहेत. संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर नेहमीप्रमाणे फौजी काका भेटले आणि विषय ठरला. पंचवीस वर्षं आपण ज्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या एका पायाचा इतिहास लिहायचा.

फौजी काका कोण, हे सोसायटीत कुणाला सांगायला नको. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांच्याच हातात असते. आदल्या रात्री ते दोन्ही बुटांना पॉलिश करतात, ज्या बुटात पाय आहे त्यालाही आणि ज्यात नाही त्यालाही. लहान मुलांना वाटतं, काकांना गोळी लागली. तसं नाही. १९८१ साली ते कामठीला भरती झाले आणि पुढे सरावाच्या वेळी लष्करी गाडी उलटून डावा पाय चेंगरला. गुडघ्याखाली कापावा लागला. "युद्धात गेला असता तर सांगायला बरं वाटलं असतं," असं ते स्वतःच हसत म्हणतात. लेख लिहितो म्हटल्यावर ते म्हणाले, "लिहा जी, पण नाव नका टाकू. नाव टाकलं का लोक कौतुक करतात, काम करत नाहीत." म्हणून नाव टाकलेलं नाही.

लढाईत जखमी झालेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. सभासद बखरीत प्रतापगडाच्या लढाईनंतरची, म्हणजे १६५९ सालची हकिगत आहे. मेलेल्यांच्या घरच्यांची सोय लावून झाल्यावर महाराजांनी जखमींना जखम पाहून होन दिले, कुणाला दोनशे, कुणाला शंभर, कुणाला पन्नास, कुणाला पंचवीस. आजचं वैद्यकीय मंडळ वीस टक्के, चाळीस टक्के, साठ टक्के ठरवतं, त्याची ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची रीत. फरक एवढाच, की तेव्हा पाहणारा आणि देणारा एकाच जागी उभा होता. आज जखम पाहणारे डॉक्टर एका गावी, मंजूर करणारे दुसऱ्या गावी, पैसे पाठवणारे प्रयागराजला, आणि जखम मुलचेऱ्यात.

हे अंतर कसं वाढत गेलं, तो खरा इतिहास.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यांपैकी सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. जे परतले त्यांच्यात हातपाय गमावलेले, डोळे गेलेले हजारो होते. मराठी मुलखाचा यातला मोठा वाटा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये सांडला. तिथल्या कुत अल अमारा या गावात सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला वेढा एप्रिल १९१६ च्या अखेरीस शरणागतीने संपला. घोड्याचं मांस खायची वेळ आली होती. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि त्यांतले कोकण-घाटावरचे शेतकरी होते. मुंबईच्या बंदरावर जखमींची जहाजं लागायची. आज आपण सहलीला जाऊन जे वस्तुसंग्रहालय पाहतो, तो घुमट असलेला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा वाडा तेव्हा नुकताच बांधून झाला होता आणि त्यात वस्तू मांडायच्या आधी लष्करी इस्पितळ मांडलं गेलं. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात तर हे त्यांना सांगा.

जखम भरली, आता पुढे? हात नसलेला शेतकरी घरी जाऊन नांगर कसा धरणार? १९१७ साली मुंबईत, गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने, अपंग सैनिकांना हाताचा धंदा शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था उघडली. १९२२ मध्ये ती पुण्याजवळ खडकीला हलली आणि आजही तिथेच आहे. शंभर वर्षं उलटून गेली. साहेबाच्या राज्याने आपल्याकडून माणसं घेतली ती घेतलीच, पण ही एक संस्था मागे ठेवली हे नोंदवायला हवं.

दुसरं महायुद्ध चालू असताना १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. फौजेतले लोक त्याला नुसतं 'लिंब सेंटर' म्हणतात. पुढे १९४८, १९६२, १९६५, १९७१ अशी युद्धं होत गेली आणि देशभरातून पाय गेलेली माणसं पुण्याला येत गेली. १९७४ मध्ये खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघालं. पाठीचा कणा निकामी होऊन कमरेखाली हालचाल गेलेल्या जवानांना घरी ठेवणं घरच्यांनाही जमत नाही, त्यांच्यासाठी. म्हणजे १९१७ ते १९७४ या काळात जे काही उभं राहिलं, त्यातलं बरंचसं पुणे-खडकीच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये. साताऱ्या-सांगलीच्या जवानाला ते एसटीच्या एका दिवसात गाठता येतं. आपल्याला आधी नागपूर गाठावं लागतं, मग रात्रभराची रेल्वे.

याच वाटेवरचे दोन माणसं सांगतो, कारण यांच्या गोष्टी मी वर्गात पुष्कळ वर्षं सांगितल्या.

पहिले मेजर जनरल इयान कार्डोझो. मुंबईत वाढलेले, गोरखा रायफल्सचे अधिकारी. डिसेंबर १९७१ मध्ये सिल्हेटच्या आघाडीवर सुरुंगावर पाय पडला. औषध नाही, सर्जन नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खुकरीने तो लोंबणारा पाय तोडून टाकला. पुढे लाकडी पायावर धावून दाखवून त्यांनी वरिष्ठांना आपलं म्हणणं पटवलं आणि बटालियनची कमान मिळवली. भारतीय लष्करात एका पायाच्या अधिकाऱ्याला बटालियन मिळण्याची ही पहिली वेळ. दुसरे मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरकडचे, ईएमईमधले जवान. १९६५ च्या युद्धात अंगात नऊ गोळ्या गेल्या, त्यातली एक मणक्यात. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पोहायला सांगितलं, आणि त्या उपचारातून १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक निघालं. ५० मीटर, ३७.३३ सेकंद, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला. वजाबाकी तुम्हीच करा. अलीकडे त्यांच्यावर सिनेमा निघाला तो मुलांनी पाहिलाच असेल.

या दोन्ही गोष्टी ऐकून वर्गातली पोरं टाळ्या वाजवायची. फौजी काकांना मी एकदा शाळेत बोलावलं होतं. ते मागच्या बाकावर बसून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "गुरुजी, हे हिरे आहेत. पण फौजेत हिऱ्यांपेक्षा गिट्टी जास्त असते. मला बटालियन नाही मिळाली, स्टोअर मिळालं." अपघातानंतर त्यांना नोकरीतून काढलं नाही. खालच्या वैद्यकीय श्रेणीत ठेवून बसल्या जागेचं काम दिलं आणि सतरा वर्षं पुरी करून १९९८ मध्ये शिपाई म्हणूनच घरी पाठवलं. ते सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते. आणि याच 'नोकरी पुरी करून' या तीन शब्दांनी पुढे त्यांना किती त्रास दिला, ते आम्हा दोघांना वीस वर्षांनी कळलं.

त्याआधी पायाचं सांगतो, कारण तो भाग आपल्या इकडचा आहे.

लिंब सेंटरला मिळालेला पाय उत्तम होता. बूट घालून, सपाट रस्त्यावर चालायला. पण घरी दीड एकर धान. आषाढात रोवणी लागली की बांधीत गुडघाभर चिखल. बुटाचा पाय चिखलात रुतला की निघत नाही, निघाला तर बूट आत राहतो. पाणी शिरलं की आतला पट्टा कुजतो, खुंटाला फोड येतात. जेवायला पाटावर बसता येत नाही, संडासला बसता येत नाही. पहिली दोन वर्षं काका पाय काढून, कुबडी घेऊन बांधावर बसून रोवणीवाल्या बायांना पऱ्हे मोजून द्यायचे. काकू चिखलात.

हा प्रश्न एकट्या मुलचेऱ्याचा नव्हता. जयपूरला १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसं न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांनी मिळून रबराचा असा पाय केला, की तो घालून उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं, पाण्यात-चिखलात उतरता येतं. जयपूर फूट म्हणतात तो हाच. पाश्चात्त्य पाय खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या हिशेबाने केलेला होता. आपला माणूस जमिनीवर बसतो, हे कुणीतरी कारागिराच्या नजरेने पाहावं लागलं. काकांनी नागपूरच्या एका शिबिरात तसा पाय बसवून घेतला. तेव्हापासून त्यांच्याकडे दोन पाय आहेत, एक झेंड्याचा आणि एक धानाचा. हे नावही त्यांनीच दिलेलं.

आता कागदाचा भाग. इथे वाचक कंटाळतील, पण ज्यांच्या घरात फौज, सीआरपीएफ किंवा पोलीस आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा अशी विनंती आहे.

सैनिकाला अपंगत्वाचं पेन्शन मिळायला ढोबळपणे दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान वीस टक्के हवं, आणि ते नोकरीमुळे झालेलं किंवा नोकरीमुळे वाढलेलं हवं. पाय तुटला तर भांडण कमी. तो दिसतो. पण ऐकू येत नाही, फेफरं येतं, रक्तदाब वाढला, डोकं ठिकाणावर राहत नाही, अशा न दिसणाऱ्या दुखण्यांमध्ये वैद्यकीय मंडळ एक ओळ लिहून टाकतं: नोकरीशी संबंध नाही. त्या एका ओळीवर माणसाचं उरलेलं आयुष्य ठरतं. गंमत अशी, की १९८२ चे नियम पहिल्यापासून जवानाच्या बाजूचे होते. भरतीच्या वेळी तपासणीत दुखणं नोंदलेलं नसेल तर माणूस निरोगी आला असं धरायचं, पुढे तो आजारी होऊन बाहेर पडला तर आजार नोकरीतच लागला असं धरायचं, आणि संशयाचा फायदा त्याला द्यायचा. नियम कपाटात होते, मंडळं आपल्या सवयीने लिहीत होती.

याला तोंड फुटलं ते धरमवीर सिंग नावाच्या सिग्नल्सच्या शिपायामुळे. हे १९८५ मध्ये भरती झाले. पुढे फेफऱ्याचे झटके येऊ लागले. १९९४ मध्ये वीस टक्के अपंगत्व लिहून घरी पाठवलं आणि पेन्शन नाकारलं, कारण तेच, नोकरीशी संबंध नाही. १९ वर्षांनी, २ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. मंडळाने नुसतं मत देऊन चालणार नाही, कारणं द्यावी लागतील. देशभरातल्या हजारो फायली या एका निकालावर उघडल्या. एका साध्या शिपायाने हे करून ठेवलं. त्याच्यावर सिनेमा निघालेला नाही.

फौजी काकांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या कागदावर साठ टक्के होते आणि नोकरीमुळे, हेही होतं. १९९६ नंतरच्या हिशेबात सरकारने एक सवलत ठेवली. अपंगत्व पन्नासच्या खाली असेल तर पन्नास धरायचं, पन्नास ते पंच्याहत्तर असेल तर पंच्याहत्तर, त्याच्यावर असेल तर शंभर. कारण डॉक्टरच्या अंदाजात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणारच. पण ही सवलत ज्यांना अपंगत्वामुळे मध्येच काढून टाकलं त्यांनाच. ज्यांनी तुटक्या पायावर नोकरी पुरी केली त्यांना नाही! म्हणजे घरी बसवलेल्याला जास्त आणि राबलेल्याला कमी. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद काढला.

रकमेचा हिशेब सांगतो म्हणजे समजेल. सध्याच्या पद्धतीत शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के रक्कम, आणि त्याखाली त्या प्रमाणात. समजा हिशेबाचा पगार दहा हजार. शंभर टक्क्यांना तीन हजार, साठला अठराशे, पंच्याहत्तरला बावीसशे पन्नास. महिन्याचा फरक साडेचारशे. पगाराचा आकडा वाढेल तसा फरकही वाढतो, वर महागाईचा भत्ता. आपल्याकडे साडेचारशे रुपयांत गॅस सिलिंडर येत नाही म्हणून हसू नका. हे दर महिन्याचं आणि जन्मभराचं आहे.

हा निकाल आम्हाला कळला २०१६ मध्ये, तोही योगायोगाने. माझ्या पुतण्याच्या सासुरवाडीला साताऱ्याकडे लग्नाला गेलो होतो. तिथे अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धापासून घरटी माणूस फौजेत. मांडवात बसलेले म्हातारे पेन्शनच्या निकालांवर असे बोलत होते जसे आपले लोक धानाच्या बोनसवर बोलतात. एकाने मला विचारलं, "तुमच्या शेजाऱ्याचं राउंडिंग झालं का?" मला राउंडिंग म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. कायदा दोन्ही जिल्ह्यांना एकच, सरकार एकच. त्यांच्याकडे पारावर जे फुकट कळतं ते आपल्याकडे दोन वर्षांनी लग्नाच्या मांडवात कळलं. चंद्रपूर-गडचिरोलीत फौजेची परंपरा तेवढी जुनी नाही, घरटी माणूस नाही, म्हणून विचारायला पार नाही. मला वाटतं आपल्या भागातल्या माजी सैनिकाचं जे नुकसान होतं, त्यातलं निम्मं या एका कारणाने होतं.

परत आल्यावर काकांची ट्रंक उघडली. वर गणवेश, खाली पितळी ताट, त्याखाली कागद. वैद्यकीय मंडळाचा मूळ कागद वाळवीने अर्धा खाल्लेला, पण टक्केवारीची ओळ शाबूत. काकू म्हणाल्या, "मी दर दिवाळीला ट्रंक उन्हात ठेवत होती, म्हणून तेवढा तरी राहिला." आम्ही अर्ज केला. ज्या कार्यालयात केला त्याचं नाव लिहीत नाही. चार महिन्यांनी उत्तर आलं, आपण नोकरी पूर्ण करून निवृत्त झालात, सबब सवलत लागू नाही. म्हणजे जो भेद सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांपूर्वी काढला होता, तोच भेद कारण म्हणून आम्हाला टपालाने आला. मी शिक्षक माणूस, लाल पेनाने खूण करून परत पाठवावंसं वाटलं.

सैनिकांच्या अशा तक्रारींसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. कायदा २००७ चा, काम सुरू झालं २००९ मध्ये. महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईला, म्हणजे आपल्यापासून हजार किलोमीटरच्या पुढे. काका म्हणाले, "राहू द्या जी. पाय गेला तेव्हा एवढं नाही चाललो." काकूंनी ऐकलं नाही. काकांच्या जुन्या पलटणीतल्या एकाने मुंबईतला वकील गाठून दिला, कागद कुरिअरने गेले आणि २०१७ मध्ये अर्ज दाखल झाला. दीड वर्षाने आदेश आला. पंच्याहत्तर टक्के मंजूर. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच.

ही तीन वर्षांची मर्यादा कुठून आली? तरसेम सिंग या जवानाचं प्रकरण. ते १९८३ मध्ये अपंगत्वामुळे बाहेर पडले आणि उच्च न्यायालयात गेले १९९९ मध्ये. २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हक्क मान्य केला, पण उशीर झाला म्हणून मागची बाकी तीन वर्षांपुरती केली. पुढे पुष्कळ प्रकरणांत तीच फूटपट्टी लागली. काकांच्या हिशेबात त्यामुळे १९९८ ते २०१४ ही सोळा वर्षं कोरी गेली. वकिलाची फी, झेरॉक्स आणि पेढे जाऊन जे उरलं त्यातून त्यांनी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. पावसात कुबडी घसरते म्हणून. आपल्या सोसायटीतलं ते एकच अंगण आहे जिथे चिखल होत नाही.

एक सांगायला हवं. सरकारच जवानांविरुद्ध एवढे खटले का लढतं, हा प्रश्न सरकारलाही पडला होता. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी यावर समिती नेमली आणि अपंग जवानांविरुद्धची अपिलं कमी करा असा तिचा रोख होता. नंतर सप्टेंबर २०२३ मध्ये पेन्शनचे नवे नियम आले. काही ठिकाणी शब्दही बदलले, अपंगत्व पेन्शनच्या जोडीला 'इम्पेअरमेंट रिलीफ' आलं. जे त्याआधी बाहेर पडले त्यांनी जुन्या नियमांवर बोट ठेवायचं. शब्द बदलला की खिडकीवरचा माणूस गोंधळतो, हा माझा शिक्षक बँकेपासूनचा अनुभव आहे.

दवाखान्याचं थोडक्यात. २००३ च्या एप्रिलपर्यंत निवृत्त सैनिकाला लष्करी इस्पितळ एवढाच आसरा होता, आणि आपल्याला जवळचं म्हणजे कामठी. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस योजना आली. कार्ड, पॉलिक्लिनिक आणि तिथून चिठ्ठी घेऊन ठरलेल्या खासगी रुग्णालयात उपचार. सुरुवातीला देशभर २२७ पॉलिक्लिनिक होती, २०१० नंतर चारशेच्या वर झाली. मुलचेरा तालुक्यात नाही, आणि लवकर होईल असंही दिसत नाही. बीपीच्या गोळ्या आणायला काकांचा अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की तोही जात नाही, कारण एसटीच जात नाही. उन्हाळ्यात आष्टीच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक. पण ही गोष्ट लक्षात ठेवा: जिवावर बेतलं तर योजनेत नसलेल्या रुग्णालयातही दाखल होता येतं, फक्त दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. काकूंना हार्टचा त्रास झाला त्या रात्री हे आम्हाला माहीत होतं, म्हणून बिल परत मिळालं. कळवलं कुणी? सोसायटीच्या सचिवांच्या मुलीने, मोबाइलवरून.

आणखी दोन कागद. फौजेची टक्केवारी म्हणजे दिव्यांगाचं प्रमाणपत्र नव्हे. एसटीची सवलत, रेल्वेची सवलत, यूडीआयडी कार्ड यासाठी जिल्हा रुग्णालयातून वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. काकांचा पाय दोनदा मोजला गेला, एकदा फौजेने, एकदा गडचिरोलीने. आणि माजी सैनिकाच्या एका घराला राज्यात २०२० पासून घरपट्टीत माफी आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. आपल्या सोसायटीत तीन घरं अशी आहेत. अर्ज एकाच घराचा झाला आहे.

आता आपल्या जिल्ह्याचं जे खरं दुखणं, त्याबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. गडचिरोलीत सैनिकापेक्षा पोलीस आणि सीआरपीएफचे जवान जास्त जखमी झाले. सी-६० पथक १९९० मध्ये उभं राहिलं, त्यात आपल्याच गावांतली, गोंडी-माडिया-तेलुगू बोलणारी पोरं. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीला १७ पोलीस गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. गेलेल्यांची नावं स्मारकावर असतात. वाचलेल्यांना हेलिकॉप्टरने नागपूरला नेतात, ती बातमी दुसऱ्या दिवशी येते, आणि तिसऱ्या दिवसापासून काही येत नाही.

सुरुंग सारखाच, पाय सारखाच. पण सीआरपीएफचा जवान कायद्याने 'माजी सैनिक' नाही. ईसीएचएस त्याला नाही. २०१२ मध्ये केंद्राने 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' असं नाव दिलं, पण नावामागोमाग सैनिकांइतक्या सवलती आल्या नाहीत. त्याचं पेन्शन वेगळ्या नियमांनी, राज्याच्या पोलिसाचं तिसऱ्याच नियमांनी. पलीकडच्या गल्लीतला आपला एक तरुण, नाव त्याचंही लिहीत नाही, त्याच्या उजव्या कानाला स्फोटानंतर ऐकू येत नाही. बाहेरून धडधाकट दिसतो. क्रिकेटमध्ये मागून हाक मारली की वळत नाही म्हणून पोरं त्याला चिडवायची, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. स्फोटानंतरच्या इस्पितळाच्या कागदावर हाताच्या जखमेची नोंद आहे, कानाची नाही. काकांनी त्याला बाकावर बसवून पहिला प्रश्न विचारला, "त्या दिवसाचा दवाखान्याचा कागद कुठं आहे?" मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, याची तपासणी याच महिन्यात करून घेऊ. आपले सोळा गेले, याचे नको जायला."

त्याची तपासणी झाली. कानाचा आलेख निघाला, अर्ज गेला आहे, पोच हाती आहे. निर्णय यायचा आहे. स्मरणिका छापून तुमच्या हातात पडेल तोपर्यंत येईल असं वाटत नाही.

काकांचा झेंड्याचा पाय आता जुना झाला, सांधा करकरतो. धान कापून झालं की ते पुण्याला जाणार आहेत. त्याआधी नोव्हेंबरात हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की व्हायचं, आता मोबाइलसमोर चेहरा धरावा लागतो. घरात नेटवर्क नाही, म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघं पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर चढलो. काका धानाचा पाय घालून चढले. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकावा. काकांनी मिचकावले. पुन्हा म्हणाला, डोळे मिचकावा. चौथ्या वेळेला हिरवी खूण आली तेव्हा खालून काकूंनी विचारलं, "झाले का जी जिवंत?"